घर ‘बांधणे’

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतील रहिवाशांची सभा भरली होती. भाईंदरच्या पूर्वेस, खाडीपासून फारशा दूर नसलेल्या एका चार मजली इमारतीत मी राहतो. १९९० च्या आगेमागे ती उभी राहिली. तळमजल्याच्या पुढल्या बाजूस दुकाने आहेत. मागे नुसते खांब, आणि त्या खांबांमध्ये सायकली, मोटारसायकली व पाण्याचा पंप. सभेपुढे विषय गळतीचा होता. परंतु सभा संपता संपता एका दुकानदार सभासदाने विनंती केली की, दुकानाचे शटर नीट बसावे म्हणून कडेचा एक खांब चार बोटे तासू द्यावा. खर्च तो स्वतः करणार होता. कोणाची हरकत दिसेना. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, “आणि भूकंप झाला तर?”

सभा हसली. “आजी, भूकंप जपानात होतात,” कोणीतरी म्हणाले. आजीही हसल्या, आणि मीही हसलो. हे मी मुद्दाम सांगतो; कारण मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि माझ्या सासुरवाडीची माणसे लातूर जिल्ह्यातील आहेत. मला तरी हसू यायला नको होते. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटू लागली. मग शाळा सुटल्यावरचे दोन महिने मी या एकाच विषयाच्या मागे घालवले. आपल्या प्रदेशात भूकंपांनी घरे का पाडली, ती पडू नयेत म्हणून काय करावे लागते, आणि हे ज्ञान आपल्याला केव्हापासून होते, एवढेच मला पाहायचे होते. जे हाती लागले ते येथे मांडतो.

दख्खनचे पठार अढळ आहे, अशी एके काळी विद्वानांचीही समजूत होती. भूकंप व्हायचे ते हिमालयाच्या पायथ्याशी, आसामात, कच्छात. १९६२ साली देशाचा पहिला अधिकृत भूकंप-नकाशा निघाला, त्यात धोक्याच्या क्षेत्रांची गणती चक्क शून्यापासून होती. जेथे भयच नाही असे मानले, ते शून्य क्षेत्र. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, कोयनेने ही समजूत मोडली. कोयनानगर व आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे कोसळली, दोनशेच्या आसपास माणसे गेली, हजारो जखमी झाली. धक्का मुंबईपर्यंत जाणवला. पुढे १९७० साली नवा नकाशा झाला, तेव्हा त्यातून शून्य क्षेत्र पुसले गेले. अगदी निर्भय अशी जागा या देशात नाही, हे कागदावर मान्य झाले ते त्या दिवसापासून.

कोयनेच्या धरणाची हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर गृहीत धरला होता. पण तो धरणाच्या वजनाच्या अवघा शंभरात पाच भाग. त्या पहाटे धरणाच्या पोटात बसवलेल्या यंत्राने जमिनीचा जो हिसका नोंदवला, तो गुरुत्वाकर्षणाच्या शंभरात त्रेसष्ट भाग इतका होता. धरणाला वरच्या अंगास भेगा पडल्या, तथापि ते उभे राहिले, आणि पुढे त्याला मागून आधार देऊन अधिक बळकट करण्यात आले. या आकड्यांत सामान्य माणसाने ध्यानात घेण्याजोगा शब्द एकच आहे, तो म्हणजे ‘आडवा’. आपण घर उभारतो ते वरचे वजन खाली पोचवण्यासाठी. छपराचे ओझे भिंतीवर, भिंतीचे पायावर, पायाचे जमिनीवर. भूकंप या हिशेबाने येत नाही. तो जमीनच बाजूला खेचतो, पाया तिच्याबरोबर जातो, आणि वरचे घर जागच्या जागी राहू पाहते. वजन पेलण्यात पटाईत असलेली भिंत बाजूच्या हिसक्यापुढे मात्र लटकी पडते. घर जितके जड, तितका हा हिसका मोठा.

मग भूकंपात टिकणारे घर करता येते की नाही? येते, आणि ते कोयनेच्या कितीतरी आधी, याच उपखंडात, करून दाखवलेले होते. १९३१ साली बलुचिस्तानात मच येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर रेल्वेतील एस. एल. कुमार नावाच्या अभियंत्याकडे क्वेट्ट्याच्या बाजूला रेल्वेच्या नोकरांसाठी घरे बांधण्याचे काम आले. त्यांनी घरांना लोखंडी सांगाडा दिला, आडव्या जोराचा हिशेब मांडला, आणि १९३३ साली आपली पद्धत निबंधरूपाने प्रसिद्धही केली. त्या निबंधात हिंदुस्थानचा एक भूकंप-नकाशा होता. ३१ मे १९३५ च्या रात्री क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. सुमारे तीस हजार माणसे मेली. कुमारांची घरे मात्र उभी राहिली. शहराची पुनर्रचना करताना तेथील अभियंत्यांनी विटांच्या भिंतीत लोखंडी सळया घालण्याची आणि साऱ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवण्याची रीत घालून दिली.

या पट्ट्याचे मर्म खेड्यातल्या माणसाला सांगायचे तर बैलगाडीच्या चाकाकडे बोट दाखवावे. चाकाचे लाकूड कितीही चांगले असो, वर लोखंडी धाव चढवल्याशिवाय ते चाक रस्त्यावर आणता येत नाही. धाव निघाली की आरे सुटे होतात. घराच्या चार भिंतींचेही तसेच आहे. हिसका बसला की प्रत्येक भिंत आपापल्या परीने झुलते. कोपरे फाटतात, आणि एकेकटी पडलेली भिंत बाहेर कोसळते. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना एकच सलग पट्टा घातला, तर एका भिंतीचा झोका दुसरी भिंत अडवते. चार भिंती मिळून एक पेटी होते.

स्वातंत्र्यानंतर हे ज्ञान रुरकीच्या विद्यापीठात पोचले. १९६० साली तेथे जय कृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप-अभियांत्रिकीचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. साध्या घरांना पट्टे कोठे घालावेत, कोपऱ्यांत सळया कशा उभ्या कराव्यात, खिडकी कोपऱ्यापासून किती दूर ठेवावी, याचे नियम भारतीय मानक म्हणून छापले गेले. त्या मानकाचे साल १९६७. म्हणजे ज्या वर्षी कोयनेला भूकंप झाला, त्याच वर्षी घर कसे सांभाळावे याचे पुस्तकही देशात तयार होते. नियम कागदावर आले. पण खेड्यातल्या गवंड्याच्या हाती ते पोचले नाहीत. धरणाची डागडुजी झाली, नकाशा सुधारला, आणि गावोगावचा गवंडी आजोबांच्या हाताखाली जे शिकला तेच करीत राहिला. याची किंमत सव्वीस वर्षांनी द्यावी लागली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी हा सारा पट्टा हादरला. भूकंप ६.२ प्रतीचा. जगाच्या मानाने हा काही महाभूकंप नव्हे. तरी सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वर्षी मी शाळकरी पोर होतो. वर्गात कपडे आणि धान्य गोळा केल्याचे आठवते. मध्यम प्रतीच्या भूकंपात एवढी माणसे का मेली, हे मात्र मला फार पुढे, लग्नानंतर समजले.

माझ्या सासुरवाडीचे एक वृद्ध गृहस्थ मला जुन्या गावठाणात घेऊन गेले होते. गाव केव्हाच उठून नव्या जागी गेले होते. जुन्या जागी बाभळी माजल्या होत्या, आणि दगडांचे ढीग होते. त्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या, क्वचित त्याहूनही जाड. बाहेरून घडीव दगडाची एक पाळ, आतून दुसरी, आणि मध्ये मातीचा गारा नि दगडगोट्यांची भर. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला वर आणखी माती टाकायची. बापाने टाकलेल्या मातीवर मुलगा टाकायचा. उन्हाळ्यात असे घर गार, चोराला अभेद्य, आणि गावात प्रतिष्ठेचे. जितका मोठा घरधनी तितकी जाड भिंत. ही समृद्धीच त्या पहाटे अंगावर आली.

म्हाताऱ्याने काठीने एक जागा दाखवली. “जावईबापू, हितं आमचा वाडा. खांब हुबेच ऱ्हायले होते. भिताडानं खाल्लं आम्हांला.”

त्यांचे म्हणणे खरे आहे, हे पुढे तज्ज्ञांच्या पाहण्या वाचताना मला दिसले. त्या भागातील जुन्या घरांत माळवदाचे ओझे मुळात भिंतीवर नसतेच; ते सागवानी खांब आणि तुळयांच्या ‘खणां’वर असते. खांब-तुळई कुसू घालून एकमेकांत बसवलेली असल्यामुळे लाकडी सांगाडा डोलला, पण बऱ्याच ठिकाणी उभा राहिला. भिंतीच्या दोन पाळी मात्र एकमेकींपासून सुटल्या. दोहोंमध्ये मातीखेरीज काहीच नव्हते. पोट फुगून बाहेरची पाळ अंगणात आणि आतली पाळ निजलेल्या माणसांवर पडली. गावाच्या कडेला कुडाच्या नि पत्र्याच्या हलक्या खोपट्यांत राहणारी गरीब माणसे त्या मानाने वाचली.

तेथे उभा असताना मला आपल्याच भाषेतला एक साधा शब्द नव्याने कळला. आपण घर ‘बांधतो’ असे म्हणतो. मोळी बांधावी, गाठोडे बांधावे, फेटा बांधावा, तसे घर बांधावे. सुटे सुटे जिन्नस एकत्र आवळून एक करणे, हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ. त्या वाड्यांतील लाकूड खरोखर बांधलेले होते. दगड मात्र नुसते रचलेले होते. बांधलेले राहिले, रचलेले पडले.

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी पुनर्वसन योजना हाती घेतली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. परंतु त्याहून मोठे, आणि मला वाटते त्याहून शिकण्याजोगे काम जुन्या घरांच्या बळकटीचे होते. अनेक जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा व बळकटीचा हा खटाटोप होता. त्यातील युक्त्या पाहाव्यात, तर एकही गवंड्याच्या आवाक्याबाहेरची नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. म्हणजे दोन पाळी एकमेकींना बांधल्या जातात. नव्या भिंतीत हेच काम या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा एक लांब दगड करतो. माळवदावरील पिढ्यान्‌पिढ्यांची माती उतरवायची, पाणी थांबवायला खाली प्लॅस्टिकचे कापड पसरायचे आणि वर वीतभर थर ठेवायचा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकी लाकडे ठोकायची. दारांच्या माथ्यावरून भिंतीला लोखंडी जाळी गुंडाळून सिमेंटने लिंपायची. साऱ्या युक्त्यांचे सार दोनच शब्दांत आहे: हलके करा, बांधा.

परंतु माणसाचे मन हिशेबाने चालत नाही. दगडाने घात केला म्हणून लोकांनी दगडच टाकला, आणि सिमेंटच्या स्लॅबवर विश्वास ठेवला. दगड दोषी नव्हता, आणि सिमेंट आपोआप निर्दोष होत नाही. हा दुसरा धडा २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातने दिला. भूकंपाचे केंद्र कच्छात भचाऊजवळ. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही त्या शहरात सिमेंट-काँक्रीटच्या शंभराहून अधिक इमारती कोसळल्या, आणि सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या पुष्कळ इमारतींची ठेवण एकाच प्रकारची होती: वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, आणि तळमजल्यावर मोटारी ठेवण्यासाठी नुसते उघडे खांब. वरचे सारे घर भिंतींमुळे ताठ. खालचे मात्र लवचिक. आडवा हिसका बसला की सगळा मुरडा त्या खालच्या खांबांत येतो. डोक्यावर हंडा घेऊन काटक्यांच्या पायांवर उभे राहण्यासारखे ते आहे.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच इमारतीचा तळमजला उभा राहिला, हे सांगायला नकोच. येथून पुढे मी आमच्या गावाविषयी बोलतो.

मिरा-भाईंदर हे फार जुने शहर नव्हे. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, काशी, घोडबंदर अशा आगरी-कोळी आणि ख्रिस्ती वस्त्यांची ही जागा. मध्ये भातखाचरे, कडेने मिठागरे, आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. कोकणपट्टीतले येथील जुने साधे घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीच्या काड्यांचा शेणमातीने सारवलेला कूड, आणि वर गवत किंवा कौले. असे घर पावसाने कुजते, आगीला बळी पडते. पण भूकंपात माणसाला मारण्याइतके वजनच त्याच्या अंगी नसते. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ साली आठ लाखांवर गेली. मुंबईत घर न परवडणारे सारे येथे आले, मीही त्यांतलाच. एवढ्या माणसांसाठी दोन दशकांत ज्या इमारती उठल्या, त्यांतल्या कितीतरी खांबांवर उभ्या आहेत, आणि कितीतरी भराव टाकलेल्या खाजण जमिनीवर.

जमिनीचा प्रश्न किरकोळ नाही. १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिको देशाच्या राजधानीत हजारो माणसे मेली, तेव्हा भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर किनाऱ्याजवळ होते. शहराचा मध्यभाग एका जुन्या, आटलेल्या तळ्याच्या गाळावर वसला आहे. कातळावर जो धक्का सौम्य असतो, तो मऊ गाळात ताटातल्या खिरीसारखा हेलकावतो. त्यात आमच्याकडे खारी हवा. ती भेगांतून आत शिरते, सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते, आणि वरचे काँक्रीट खपली निघावी तसे निघून येते. गळती आणि भूकंप हे सभेतील दोन निराळे विषय नव्हते, ते असे.

मग आमच्याकडे भूकंप होईलच काय? भविष्य सांगणे हे माझे काम नाही, आणि भूकंपाची वेळ सांगण्याची विद्या आजवर कोणालाही साधलेली नाही. परंतु इतिहासाकडे पाहावे. २००२ च्या नकाशात मुंबई-ठाण्याचा मुलूख मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात घालण्यात आला. किल्लारी तर १९९३ पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती! आणि आमच्या उत्तरेस, डहाणू-तलासरीच्या बाजूला, नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन वारंवार हादरू लागली. त्या हिवाळ्यात कित्येक कुटुंबे थंडीत घराबाहेर तंबूंत निजली. डहाणू जपानात नाही.

नवे घर बांधणाऱ्याला आज सारे नियम उपलब्ध आहेत. त्यांतला एक मला फार आवडला. काँक्रीटच्या खांबात उभ्या सळया असतात, आणि त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा बांधतात. खांब जेथे तुळईला मिळतो तेथे या रिंगा दाट हव्यात, आणि त्यांची टोके खांबाच्या गाभ्यात आत वळवलेली हवीत. कारण आडव्या हिसक्याने खांब वाकला की उभ्या सळया बाहेर फुटू पाहतात. मोळीचा बंध सैल असला म्हणजे फाटी निसटतात, तसे. मूठभर लोखंड आणि कामगाराची चार मिनिटे एवढाच हा खर्च. पण गिलावा झाल्यावर तो कोणाला दिसत नाही, म्हणून वाचवला जातो.

जुन्या घरात राहणाऱ्यांनी काय करावे? तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी करून घेणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ती करताना भूकंपाचा आडवा जोरही हिशेबात घ्यावा, असे अभियंत्याला स्पष्ट सांगावे लागते. तळमजल्यावरच्या उघड्या खांबांमध्ये दोन्ही दिशांना काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती किंवा लोखंडी तिरके आधार घालता येतात. कमजोर खांबांना नव्या सळया, दाट रिंगा व काँक्रीट यांचे कवच चढवता येते. गच्चीवर नव्या टाक्यांचे ओझे वाढवू नये. आतील कोणतीही भिंत विचारल्यावाचून पाडू नये, आणि खांबाला तर छिन्नी लावूच नये.

दुसऱ्या सभेला आम्ही एका अभियंत्यास बोलावले. त्याने हातोडीने खांब ठोकून पाहिले. दुकानाकडेच्या त्या खांबाशी थांबून तो म्हणाला, “चार बोटे तासलीत तर पहिल्यांदा रिंगा कापल्या जातील. मग आत उरतील त्या नुसत्या काठ्या.” दुकानदार सभासद भला माणूस आहे. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग राहू द्या. शटर लहान करून घेतो.” या वेळी कोणी हसले नाही. तळमजल्याच्या बळकटीचा विषय मात्र खर्चाचा आकडा ऐकून पुढल्या सभेवर गेला. तो तेथेच पडून राहू नये म्हणून मी प्रत्येक सभेत तो पुन्हा काढणार आहे. आजींनी मला अनुमोदन देण्याचे कबूल केले आहे.

त्या रात्री झोपताना माझे लक्ष वर गेले. मुलीच्या अंथरुणाच्या डोक्याशी माझे पुस्तकांचे उंच कपाट आहे, छताला टेकेल इतके भरलेले. गेली कित्येक वर्षे ते नुसते भिंतीला टेकवून ठेवलेले होते. रविवारी मी भिंतीत भोके पाडून ते दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळून घेतले, आणि वरच्या फळीवरची जाड पुस्तके खालच्या खणात उतरवली.